१,०४४ अर्ज, १०० व्हाउचरं: नेदरलँड्समधल्या एका सोडतीचं प्रकरण

सप्टेंबर २००४ मध्ये नेदरलँड्सच्या सरकारने लहान आणि मध्यम उद्योगांसाठी १०० ‘इनोव्हेशन व्हाउचरं’ काढली. एकाची किंमत जास्तीत जास्त ७,५०० युरो. ती रोखीत बदलून मिळणार नव्हती. उद्योजकाने व्हाउचर घेऊन विद्यापीठात किंवा सार्वजनिक संशोधन संस्थेत जायचं, आपला प्रश्न समोर ठेवायचा, संस्थेने त्यावर काम करून उत्तर द्यायचं आणि व्हाउचर सरकारकडे जमा करून पैसे घ्यायचे, असा व्यवहार. अर्ज आले १,०४४. मग सोडत काढली. १०० जणांना व्हाउचर मिळालं, ९४४ जणांना नाही.

विद्यापीठं आणि लघुउद्योग यांना जवळ आणायच्या योजना जगभर निघाल्या आहेत. सामंजस्य करार होतात, शाल-श्रीफळ होतं, फोटो छापून येतात. पाच वर्षांनी त्यातून काय निघालं असं विचारलं, तर बहुतेक ठिकाणी दोन-चार यशोगाथा हातावर ठेवल्या जातात. या डच योजनेबद्दल मात्र त्याहून ठाम काही सांगता येतं आणि त्याचं श्रेय योजनेच्या हेतूपेक्षा त्या सोडतीला जास्त आहे. म्हणून हे प्रकरण मुळापासून बघण्यासारखं आहे.

दुकान होतं, पण यांच्यासाठी नव्हतं

नेदरलँड्समध्ये ज्ञानाची वानवा कधीच नव्हती. डेल्फ्ट, आइंडहोवन आणि ट्वेन्टे इथली तंत्रविद्यापीठं, शेतीसाठी वाखनिंगन आणि उद्योगांना उपयोगी संशोधन करण्यासाठी १९३२ मध्ये स्थापन झालेली टीएनओ, असा सगळा पसारा महाराष्ट्राच्या जेमतेम सातव्या-आठव्या हिश्श्याएवढ्या देशात. फिलिप्स, शेल, युनिलिव्हर यांच्यासारख्या कंपन्यांच्या स्वतःच्या प्रयोगशाळा. त्यांचे संशोधक आणि विद्यापीठातले प्राध्यापक एकमेकांना नावानिशी ओळखणारे.

दुखणं खालच्या थरात होतं. युरोपात विज्ञान भरपूर आहे पण त्यातून माल आणि धंदा कमी उभा राहतो, ही तक्रार युरोपीय आयोगाने १९९५ च्या आपल्या हरितपत्रिकेत (धोरणावर चर्चा व्हावी म्हणून काढलेल्या दस्तऐवजात) मांडली होती. मार्च २००० मध्ये लिस्बनला जमलेल्या नेत्यांनी २०१० पर्यंत युरोपला जगातली सर्वांत स्पर्धाक्षम ज्ञानाधारित अर्थव्यवस्था करून दाखवायचा विडा उचलला. त्याच वाऱ्यात २००३ मध्ये डच पंतप्रधान यान पेटर बाल्केनेंडे यांनी स्वतःच्या अध्यक्षतेखाली नवोपक्रमासाठी एक मंच उभा केला. मंत्री, उद्योगपती, शास्त्रज्ञ सगळे एका टेबलाभोवती. असे मंच आपल्याकडेही कमी झालेले नाहीत. फरक इतकाच की त्या काळातून हे छोटंसं, मोजता येण्याजोगं काहीतरी बाहेर आलं.

लहान उद्योजकाचं घोडं नेमकं कुठे अडत होतं, हे समजायला डच विद्यापीठांची एक जुनी परंपरा उपयोगी पडते. १९७० च्या दशकात तिथे ‘विज्ञान दुकानं’ निघाली. रहिवासी संघ, कामगार संघटना, पर्यावरणाचे गट यांनी आपला प्रश्न घेऊन यायचं: कारखान्याच्या धुराने आमच्या वस्तीत काय होतंय, या रंगात काम करणाऱ्यांच्या फुप्फुसांना धोका आहे का. विद्यार्थी आणि प्राध्यापक ते संशोधन फुकट करून देत. अटी साधारण तीन. विचारणाऱ्याची पैसे देण्याची ऐपत नसावी, त्याचा हेतू व्यापारी नसावा आणि मिळालेलं उत्तर वापरण्याइतकी ताकद त्याच्यात असावी. ही कल्पना पुढे युरोपातल्या इतर देशांनीही उचलली.

आता या अटींवर दहा-बारा माणसांचा कारखाना लावून बघा. पैशांची ऐपत बेताचीच, म्हणजे पहिल्या अटीत तो बसतो. पण हेतू उघड-उघड धंद्याचा, म्हणून दुसऱ्या अटीवर बाद. मग उरतो रीतसर संशोधन करार, जो फिलिप्स करू शकते. त्यात वकील येतात, बौद्धिक संपदेची कलमं येतात आणि रकमेचा आकडा असा असतो की तो ऐकून लहान मालक आभार मानून उठतो. विद्यापीठात फुकट उत्तर मिळायची सोय होती, महाग उत्तर मिळायचीही होती. मधल्या माणसासाठी खिडकीच नव्हती.

शिवाय पैसा बाजूला ठेवला तरी अडचणी होत्याच. विचारायचं कोणाला? विद्यापीठाच्या फाटकातून आत गेल्यावर पन्नास विभाग. आपला प्रश्न त्यांना प्रश्न वाटेल का, की हसतील? उत्तर कधी मिळेल, दिवाळीनंतर की पुढच्या शैक्षणिक वर्षात? ज्यांनी एमआयडीसीत शेड चालवली आहे आणि कधी एखाद्या अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या कार्यालयाबाहेर बाकड्यावर बसून वाट पाहिली आहे, त्यांना हे डच गाऱ्हाणं परकं वाटणार नाही. नेदरलँड्समध्ये ‘सिंटेन्स’ नावाचं सल्लागारांचं सरकारी जाळं होतं, तिथली माणसं उद्योजकाला प्रश्न मांडायला मदत करत. तरीसुद्धा त्या प्रश्नाच्या उत्तराचं बिल भरणारं कोणी नव्हतं.

७,५०० युरोत काय येतं

एक नमुना घेऊ. हा माझ्या कल्पनेतला आहे, कोणा खऱ्या कंपनीचा नाही, पण असे प्रश्न या जातीचे असतात.

हेगजवळच्या वेस्टलँड भागात मैलोन्‌मैल काचगृहं आहेत. तिथे काचगृहांसाठी पंखे बनवणारा बारा माणसांचा एक कारखाना आहे असं समजा. गिऱ्हाइकांची तक्रार येते की पहाटे काचेवर आतून दव साचतं, ते झाडांवर ठिबकतं आणि जरबेऱ्याच्या फुलांवर बोट्रायटिस नावाची करडी बुरशी धरते. (तळेगाव दाभाड्याच्या पॉलिहाऊसवाल्यांना ही डोकेदुखी समजावून सांगायची गरज नाही.) मालकाला अनुभवाने वाटतं की पंखा अर्धा मीटर खाली घेतला आणि थोडा तिरका लावला तर हवा खेळती राहील. त्याला खात्री नाही. खात्री करायची तर हवेचा वेग आणि आर्द्रता रात्रभर मोजायला हवी, हवेच्या प्रवाहाचं गणित मांडायला हवं. ती यंत्रं त्याच्याकडे नाहीत आणि गणित मांडणारा माणूसही नाही.

आता हिशेब. संशोधकाचा एका दिवसाचा दर, संस्थेचा वरखर्च धरून, हजार युरो समजला तर व्हाउचरमध्ये सात-आठ दिवसांचं काम बसतं. एक दिवस प्रश्न समजून घेण्यात जाईल. दोन-तीन दिवस काचगृहात मापक लावणं आणि नोंदी, दोन दिवस गणित, उरलेल्यात अहवाल. यातून नवा पंखा तयार होत नाही. पेटंट तर नाहीच. मिळतं ते इतकंच, की खाली घेतल्याने फरक पडतो, तिरका लावल्याने पडत नाही, आणि खरा घोटाळा पंख्यात नसून पहाटे छताच्या झडपा उघडण्याच्या वेळेत आहे. सहा पानांचा अहवाल आणि एक ओळखीचा माणूस, ज्याला पुढच्या वेळी फोन करता येतो.

मला विचाराल तर लहान उद्योगाला विद्यापीठाकडून जे हवं असतं ते बहुतेक वेळा एवढंच असतं. क्रांती नको असते. साच्यासाठी चाळीस हजार घालवण्याआधी, चाललोय ती दिशा बरोबर आहे का, हे कोणीतरी मोजून सांगायला हवं असतं. धोरण लिहिणाऱ्यांना ही गरज क्षुल्लक वाटते, कारण तिच्यातून मथळा निघत नाही.

व्हाउचरच्या रचनेतली खुबीही इथे लक्षात घ्यायला हवी. तोपर्यंतचा सरकारी पैसा बहुतेक संस्थेच्या बाजूने यायचा: विद्यापीठाला अनुदान द्या, तंत्रज्ञान हस्तांतरण कक्ष उघडा, कक्षाने उद्योजक शोधावेत. तो कक्ष मग प्राध्यापकांच्या कपाटात पडून असलेल्या शोधांना गिऱ्हाईक शोधत हिंडतो. व्हाउचरने पैसा गिऱ्हाइकाच्या खिशात ठेवला. प्रश्न त्याचा, संस्था त्याने निवडलेली. एका विद्यापीठाने दाद दिली नाही तर तो दुसरीकडे जाणार आणि ७,५०० युरोही त्याच्याबरोबर जाणार. अर्जही मुद्दाम सुटसुटीत ठेवला होता. योजना राबवणारी ‘सेंटरनोव्हेम’ ही सरकारी संस्था प्रकल्पाचा दर्जा तपासत बसली नाही, तज्ज्ञांची समिती नेमली नाही. प्रश्न चांगला की वाईट, हे ठरवण्याचं काम विचारणाऱ्यावर सोडलं.

सोडत

समिती नसल्यामुळेच पुढचा पेच आला. दहापट अर्ज आल्यावर शंभर निवडायचे कसे? गुणवत्ता लावायची तर मोजपट्टी नाही. वशिला लावायचा तर ती वेगळी गोष्ट झाली. सोडत काढली गेली.

म्हाडाच्या घरांची सोडत बघितलेल्या माणसाला यात नवल वाटणार नाही. ज्याला घर लागलं आणि ज्याला नाही, त्या दोघांत कष्टाचा किंवा हुशारीचा काही फरक नसतो, चिठ्ठी कोणाची निघाली एवढाच फरक. नेमक्या याच गोष्टीने हेगमधल्या सीपीबीच्या अर्थशास्त्रज्ञांचे कान टवकारले. सीपीबी म्हणजे डच सरकारचं आर्थिक विश्लेषण करणारी संस्था. १९४५ मध्ये सुरू झाली, पहिले संचालक यान टिनबर्गन, ज्यांना पुढे १९६९ मध्ये अर्थशास्त्राचा पहिला नोबेल पुरस्कार विभागून मिळाला. निवडणुकीच्या आधी राजकीय पक्ष आपले जाहीरनामे या संस्थेकडे पाठवतात आणि आश्वासनांचा खर्च किती, परिणाम काय, हे तिच्याकडून काढून घेतात, अशी तिची पत. (हा रिवाज आपल्याकडे आला तर काय होईल, याची कल्पना करून बघायला हरकत नाही.)

मार्टेन कॉर्नेट, ब्यॉर्न व्रोमेन आणि मार्क व्हान डेर स्टेख या तिघांनी सोडतीत जिंकलेले आणि हरलेले उद्योजक यांची तुलना केली. त्यांचा अहवाल फेब्रुवारी २००६ मध्ये निघाला. तुलनेचं महत्त्व कळायला आधी नेहमीची पद्धत बघू.

नेहमी असं होतं. योजना संपते, लाभार्थ्यांना प्रश्नावली जाते: व्हाउचर मिळालं नसतं तर हे संशोधन केलं असतं का? ज्याला फुकट पैसे मिळाले तो काय उत्तर देणार? अनेक जण मनापासून ‘नसतं केलं’ म्हणतात, काही जण पुढच्या वर्षीची सोय म्हणून म्हणतात. दुसरी पद्धत म्हणजे लाभार्थी आणि बाकीचे उद्योग यांची तुलना. पण अर्ज करणारा उद्योजक मुळात धडपड्या असतो. तो योजनेशिवायही पुढे गेला असता. त्याची प्रगती योजनेच्या खात्यावर जमा होते आणि मंत्री भाषणात ती वाचून दाखवतात.

सोडतीत दोन्ही गट अर्ज करणारेच. दोन्ही सारखेच धडपडे, दोघांच्या डोक्यात प्रश्न तयार. म्हणजे हरलेल्यांनी काय केलं ते बघितलं की जिंकलेल्यांनी व्हाउचरशिवाय काय केलं असतं हे कळतं. त्यांना ‘समजा’ असं विचारावं लागत नाही.

निष्कर्ष असा निघाला. दर दहा व्हाउचरांपैकी आठांमधून असं काम संस्थेकडे गेलं जे एरवी गेलंच नसतं. एकातून गेलेलं काम व्हाउचर नसतं तरी गेलंच असतं. आणि एक व्हाउचर वापरलंच गेलं नाही.

हे शंभरावर मांडून बघा. जिंकलेल्या शंभरांपैकी साधारण नव्वदांनी काम दिलं. हरलेल्यांच्या वागण्यावरून दिसतं की व्हाउचर नसतं तर त्यातल्या दहाएकांनीच दिलं असतं. नव्वदातून दहा गेले, ऐंशी उरले. सरकारी अनुदानाच्या दुनियेत हा आकडा मोठा आहे. उद्योगांना दिलेल्या सवलतींतला बराच पैसा असा जातो की घेणारा ते काम करणारच होता, सरकारने फक्त बिल भरलं. इथे तसं झालेलं दिसत नाही.

हरलेल्यांबद्दलचा आकडा मला जास्त बोलका वाटतो. हे लोक प्रश्न घेऊन बसले होते. अर्ज भरण्याइतकी निकड होती. तरी व्हाउचर न लागल्यावर दहातल्या जेमतेम एकाने पदरमोड करून विद्यापीठाचं दार वाजवलं. प्रश्न असणं आणि तो घेऊन जाणं यांत केवढं अंतर असतं, याचा असा पुरावा क्वचित मिळतो.

आठाच्या आकड्यात पाणी कुठे मुरतं

आता जरा हात आखडता घेऊ, कारण हा आकडा नंतर बऱ्याच ठिकाणी ताणून वापरला गेला.

पहिली गोष्ट, आठ हा आकडा दिलेल्या कामांचा आहे. उत्तर उपयोगी पडलं का, माल सुधारला का, नफा झाला का, हे तो सांगत नाही. पंखेवाला विद्यापीठात गेला, एवढंच. अहवाल खणात पडून राहिला असेल तरी तो आठांत मोजला जातो. काही महिन्यांत अभ्यास केल्यावर याहून जास्त कळण्यासारखंही नव्हतं.

दुसरी गोष्ट मला जास्त टोचते. हरलेल्यांना ठाऊक होतं की पुढची फेरी येणार आहे, आणि २००५ मध्ये ती आलीही, या वेळी चारशे व्हाउचरांची. मग शहाणा उद्योजक काय करेल? काही महिन्यांनी फुकट होऊ शकणाऱ्या कामासाठी आज खिशातून पैसे काढेल? थांबेल. म्हणजे हरलेल्यांपैकी काहींनी काम रद्द केलं नसून पुढे ढकललं असण्याची शक्यता आहे, आणि तितक्या प्रमाणात आठाचा आकडा फुगलेला असू शकतो. योजनेचं नुसतं अस्तित्वच स्वतःच्या खर्चाने विचारण्याची सवय थोडी मोडतं. अनुदानाची ही जुनी खोड आहे, ठिबक सिंचनाच्या यादीत नाव येण्याची वाट बघत उसाला पाटाने पाणी देणारा शेतकरी ती ओळखतो.

तिसरं, संस्थेच्या बाजूला काय घडलं ते या तुलनेत येत नाही. शंभर प्रश्न तेरा-चौदा विद्यापीठांत आणि संस्थांत विखुरले तर कोणालाच जाणवत नाहीत. पण आकडा वाढला की प्रश्न उभा राहतो: सात दिवसांच्या कामासाठी कोणता प्राध्यापक मोकळा असतो? पुढे वर्षाला हजारोंच्या संख्येने व्हाउचरं निघू लागली. २००६ पासून त्यांचे दोन आकार झाले: पहिल्यांदाच येणाऱ्यासाठी २,५०० युरोचं लहान, आणि मोठं ७,५०० पर्यंतचं, ज्यात उद्योजकाने स्वतःचाही वाटा घालायचा. एकाच अडचणीने गांजलेले दहापर्यंत उद्योजक आपली व्हाउचरं एकत्र करून मोठं काम देऊ शकत. ही मुभा मला सगळ्यात हुशारीची वाटते, कारण एका जागी वसलेल्या लहान उद्योगांचे प्रश्न बहुधा सामाईकच असतात. इचलकरंजीतल्या एका यंत्रमागवाल्याला सूत तुटण्याचा त्रास असेल तर तो गल्लीतल्या सगळ्यांना असतो.

मँचेस्टरमधला दुसरा हप्ता

योजना इतर देशांनी भराभर उचलली. आयर्लंड आणि ऑस्ट्रिया या दोघांनी २००७ मध्ये प्रत्येकी ५,००० युरोचं व्हाउचर काढलं, उत्तर आयर्लंडनेही काढलं. बहुतेकांनी सोडतीचा भाग तेवढा सोडून दिला. अपवाद मँचेस्टरचा.

तिथे नेस्टा या ब्रिटिश संस्थेने २००९-१० मध्ये १५० ‘क्रिएटिव्ह क्रेडिट्स’ दिली. ४,००० पौंड संस्थेचे, १,००० उद्योजकाचे. सेवा देणारी विद्यापीठं नव्हती, डिझाइन, व्हिडिओ, वेबसाइट असं काम करणाऱ्या छोट्या सर्जनशील कंपन्या होत्या. म्हणून हे डच योजनेचं सख्खं भावंड म्हणता येत नाही, चुलत म्हणू. पण वाटप मुद्दाम सोडतीने केलं आणि नंतर दोनदा चौकशी केली, सहा महिन्यांनी आणि बारा महिन्यांनी.

सहा महिन्यांनी चित्र छान होतं. क्रेडिट मिळालेल्या उद्योगांनी हरलेल्यांपेक्षा जास्त नवीन गोष्टी केल्या होत्या, विक्रीही वाढली होती. बारा महिन्यांनी पुन्हा विचारलं तेव्हा दोन्ही गटांतला फरक ठामपणे सांगता येईल इतका उरलाच नव्हता.

सहा महिन्यांवर अभ्यास थांबवला असता तर योजना यशस्वी ठरली असती, पुस्तिका छापली गेली असती. वर्षभर थांबल्यामुळे कळलं की धक्का बसला, गाडी थोडी पुढे सरकली आणि पुन्हा थांबली. याचं एक कारण असं दिसतं की एका कामापुरती बांधलेली गाठ काम संपलं की सुटते. गरज सरो, वैद्य मरो. संबंध टिकवायला दोघांनाही पुन्हा भेटण्याचं निमित्त लागतं आणि ते निमित्त व्हाउचर देत नाही.

डच मूळ योजनेचा शेवट मात्र या अभ्यासांनी झाला नाही. २०१० मध्ये मार्क रुटे यांचं पहिलं मंत्रिमंडळ आलं. अर्थव्यवहार खात्याचे मंत्री माक्सिम फरहाखन यांनी सुट्या अनुदानांना कात्री लावून निवडक ‘अव्वल क्षेत्रां’वर भर देण्याचं धोरण आणलं आणि त्यात व्हाउचरं गेली. २०१३ मध्ये लहान उद्योगांसाठीच्या नव्या योजनेत ज्ञान-व्हाउचर परत आलं, पण या वेळी अव्वल क्षेत्रांच्या चौकटीत. मूळ कल्पनेत प्रश्न कोणताही चालत होता, आता तो सरकारच्या यादीत बसणारा हवा. नऊ वर्षांत चाक फिरून पुन्हा विचारणाऱ्याकडून देणाऱ्याकडे झुकलं, असं मला वाटतं.

आपल्याकडे दुसरं टोक

भारतात तामिळनाडूने हे नाव घेऊन योजना चालवली आहे, तिथली उद्योजकता विकास संस्था, ईडीआयआय, इनोव्हेशन व्हाउचर देते. महाराष्ट्रात अशी व्हाउचरं आली तर मागणी कमी पडेल असं मला वाटत नाही. शिरोलीतल्या फाउंड्रीवाल्याला वाळूचं, भोसरीतल्या मशीन शॉपला हत्यारं झिजण्याचं, सांगलीतल्या बेदाणेवाल्याला सुकवण्याचं, प्रश्न ढिगाने आहेत. माटुंग्याच्या यूडीसीटीसारख्या (आताची आयसीटी, रसायन तंत्रज्ञानाची संस्था) ठिकाणी, जी १९३३ पासून आहे, प्राध्यापकांनी रसायन उद्योगाला सल्ला देण्याची परंपरा जुनी आणि मजबूत आहे. ती तिथे रुजली याचं कारण शिकवणारे, शिकणारे आणि कारखाने काढणारे एकाच वर्तुळातले होते, निमित्त रोज मिळत होतं.

इतर ठिकाणी पेच विचारणाऱ्यापेक्षा उत्तर देणाऱ्याकडे जास्त आहे. यूजीसीच्या २०१० च्या नियमावलीत प्राध्यापकांच्या बढतीसाठी जे गुण मोजले जात, त्यात सल्लासेवेलाही गुण होते. पण विज्ञान-अभियांत्रिकी शाखांसाठी ते दर १० लाख रुपयांमागे १० असे होते आणि त्याखालच्या रकमेला काही नाही. २००४ च्या भावाने ७,५०० युरो म्हणजे सुमारे सव्वाचार लाख रुपये. म्हणजे डच व्हाउचर जसंच्या तसं पुण्यात आणलं असतं, तर ते घेऊन येणाऱ्या फाउंड्रीवाल्याचं काम करणाऱ्या प्राध्यापकाच्या खात्यावर शून्य जमा झालं असतं. त्याच वेळात एक शोधनिबंध लिहिला तर गुण पक्के. २०१८ च्या नियमावलीत ती किमान रकमेची अट राहिली नाही, सल्लासेवेला सरळ गुण आले. मात्र आठ वर्षांत लागलेल्या सवयी नियम बदलल्याच्या दिवशी सुटत नाहीत, आणि विभागप्रमुख अजूनही लहान कामाला ‘यात पडू नका’ असंच सांगतात.

तेव्हा कोणी अशी योजना आखायला बसलं असेल तर दोन गोष्टी डच प्रकरणातून उचलण्याजोग्या आहेत. लहान कामालाही प्राध्यापकाच्या वेळापत्रकात अधिकृत तास द्यावेत, नाहीतर व्हाउचर घेऊन आलेला माणूस बाकड्यावरच बसेल. आणि अर्ज जास्त आले तर, जे येणारच, छाननी समिती न नेमता सोडत काढावी आणि हरलेल्यांची यादी जपून ठेवावी. त्यासाठी अर्जाच्या तळाशी एक ओळ छापायला खर्च येत नाही: निवड झाली नाही तरी सहा महिन्यांनी, वर्षाने आणि दोन वर्षांनी आम्ही आपल्याला फोन करू, चालेल ना?